ग्रंथालयाच्या संगणकावर कोणाचा किती अधिकार?

नोंदवहीत केलेली खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील नोंद मात्र मागमूस न ठेवता बदलता येते. म्हणूनच संगणकीकृत ग्रंथालयात कोणत्या कर्मचाऱ्याने काय पाहावे आणि काय बदलावे, हे आधी ठरवावे लागते. ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत ही व्यवस्था स्पष्टपणे पाहता येते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली ही प्रणाली २००० साली वापरात आली. भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात.

कोहामध्ये कर्मचारी हाही एक सभासदच असतो. त्याच्या नावापुढे एकेका कामाचा अधिकार जोडला जातो. पुस्तकांची देवघेव, तालिकीकरण, खरेदी, नियतकालिके, अहवाल असे हे अधिकार असून त्यांचे पोटभागही आहेत. दंड वसूल करणे आणि तो माफ करणे, हे दोन अधिकार वेगळे ठेवता येतात. देवघेवीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला पहिला पुरेसा आहे. दुसरा वरिष्ठाकडे असावा. अनेक प्रतींच्या नोंदी एकदम काढून टाकण्याची मुभाही मोजक्यांनाच द्यावी.

या सर्वांच्या वर ‘सुपरलायब्ररियन’ हा अधिकार आहे. तो मिळालेल्याला कोणतेही दार बंद नसते. काम अडू नये म्हणून तो सर्वांना देऊन टाकण्याचा मोह होतो; पण मग बाकीच्या अधिकारांना अर्थच उरत नाही.

शाखा अनेक असतील, तर एका शाखेच्या कर्मचाऱ्याला दुसरीच्या नोंदी बदलण्यापासून रोखता येते. त्या शाखेच्या संगणकांवरूनच प्रवेश मिळावा, अशीही योजना करता येते.

तरीही सारी व्यवस्था एका सवयीने कोलमडते. ती म्हणजे सर्वांनी मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरणे. बदलांची नोंद ठेवण्याची सोय प्रणालीत आहे. परंतु नाव सामायिक असेल तर बदल कोणी केला, हे कळणार कसे? संशय मात्र सर्वांवर येतो. प्रत्येकाला स्वतंत्र नाव असावे, जागा सोडताना प्रणालीतून बाहेर पडावे आणि बदली वा निवृत्ती होताच अधिकार काढून घ्यावेत. सभासदत्व चालू राहिले तरी हरकत नाही.

वाचकाचा पत्ता, दूरध्वनी आणि त्याने नेलेली पुस्तके ही त्याने विश्वासाने सोपवलेली माहिती आहे. अधिकारांची मर्यादा त्या विश्वासासाठी आहे आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याचे संरक्षणही तीच करते.