तळटीप : ‘बंदर’

* बंदर : हैदराबादच्या कुकटपल्लीतले शेजारी सुट्टीत ‘बंदरला’ जातात असे लेखिका म्हणते, तेव्हा कुठलेही बंदर समजू नये. किनारी आंध्रातली माणसे मच्छलीपट्टणालाच ‘बंदरु’ म्हणतात. हैदराबादहून हे अंतर सुमारे ३४० किलोमीटर. रात्रीच्या बसने निघाले की सकाळी पोहोचता येते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा समुद्राकडे उघडणारा हा मोठा दरवाजा. इंग्रजांनी १६११ साली येथे वखार घातली. डच त्यांच्याही आधी आले होते. डचांच्या दफनभूमीतल्या कोरीव शिळा आजही पाहता येतात. १८६४च्या वादळात समुद्र गावात शिरला आणि सुमारे तीस हजार माणसे दगावली. गतवैभवाच्या खुणा येथे इतक्या थोड्या का, याचे एक कारण हेच.

मंगिनापुडीचा किनारा जवळच आहे. तिथली माती काळसर आणि चिकट, कोकणातल्या वाळूची सवय असलेल्यांना ती नवी वाटेल. पण एकच ठिकाण पाहायचे तर शेजारचे पेडना पाहावे. तिथे हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर सागवानी ठसा उमटतो. गंजके लोखंड आणि गूळ आंबवून केलेला रंग आधी फिकट दिसतो, मग पाहता पाहता काळा होतो. हीच ती कलमकारी. या कापडाची जहाजे इराणपर्यंत जात. गोवळकोंड्याच्या श्रीमंतीचा विचार करताना वाचकांनी हिऱ्यांबरोबर हे कापडही ध्यानात ठेवावे.
— संपादक