गादी घ्या, डिकन्सच्या रांगेत उभं राहायचंय

गादी गुंडाळून खांद्यावर टाका. कानटोपी, जाड कोट, लोकरीचे मोजे, सगळं चढवा. आपण न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला निघालोय, 1868च्या जानेवारीत. चार्ल्स डिकन्स इंग्लंडहून आलाय आणि इथल्या प्लिमथ चर्चमध्ये स्वतःच्या गोष्टी वाचणार आहे. तिकिटं मिळतील उद्या सकाळी. रांग लागलीय आज रात्री.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना लाकडी घरं. थंडी हाडांत शिरते. रस्त्यातच कुणीतरी मोठी शेकोटी पेटवलीय. धूर डोळ्यांत जातो, व्हिस्कीचा भपकारा नाकात. शेजारी कुणी पाव-मांस खातोय, कुणी गादीवर घोरतोय. रांगेत तिकिटांचे दलालही आहेत, सांभाळून राहा. घरं पेटतील या भीतीनं पोलीस शेकोटी विझवायला धावतात आणि हाणामारी जुंपते. पुढची जागा रिकामी झाली! मागचे लोक गाद्यांसकट धावत सुटलेत. तुम्हीही पळा, दाराजवळ गादी टाका आणि लोखंडी कठडा घट्ट धरून ठेवा.

सकाळी डिकन्सचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी तिकिटांची बॅग घेऊन येतो. रात्रभर कुडकुडलेली माणसं त्याला नावानं हाका मारतात, डिकन्सची खुशाली विचारतात, घरच्या माणसाची विचारावी तशी.

कार्यक्रमाच्या रात्री चर्चच्या बाकांवर दाटीवाटीनं बसा. ओले कोट उबेला वाफाळताहेत. समोर गडद लाल पडदा, त्यापुढे छोटं मेज. वर आणि बाजूंना गॅसचे दिवे, सगळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडेल असे लावलेले. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनमधल्या नदीवर अजून पूल नाही. डिकन्स फेरीबोटीतून पलीकडून आलाय. आता तो समोर येतो. पंचावन्न वर्षांचा, सुरकुतलेला, कोटाला फूल खोचलेलं. टाळ्यांनी कान बधिर होतात.

नशिबानं आज त्याची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही गोष्ट असेल, तर हातांकडे बघा. गोष्टीतल्या फेझीविगच्या वखारीत नाच सुरू झाला की डिकन्सची बोटं मेजावर नाचू लागतात. पुस्तक समोर उघडं आहे, पण मजकूर त्याला पाठ आहे. कंजूष स्क्रूजचा खरखरीत आवाज, लगेच त्याच्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा भिडस्त, मग एखाद्या पोराचा. पात्रं बदलतात तसा चेहराही बदलतो. तुमच्या पुढच्या बाकावरची बाई रडता रडता हसते. कुणालाही कथा समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यांनी ती कधीच वाचलेली आहे.

मध्यंतरात आत डोकावा. सर्दीनं त्याची पाठ धरलीय, झोप येत नाही, अन्न जात नाही. पुढे या अमेरिका दौऱ्याच्या अखेरीस तर सकाळी रम घातलेली साय, दुपारी शॅम्पेन, वाचनाआधी शेरीत फेटलेलं अंडं आणि मध्यंतरात मांसाचं कडक सूप, एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. तरी मेजापाशी उभा राहिला की आवाज परत यायचा.

एवढा जीव तो का काढतो? एक कारण पैशाचं. परदेशी लेखकाच्या पुस्तकांना अमेरिकेत कायद्याचं संरक्षण नाही. प्रकाशकांनी त्याला मोबदला द्यावा असं बंधन नाही. या दौऱ्यात सुमारे 75 वाचनं करून त्यानं जवळजवळ 19,000 पौंड घरी नेले. दुसरं कारण तुमच्याभोवती बसलंय. कादंबरीकार बंद खोलीत एकटा लिहितो. वाचकाचं हसू आणि हुंदका त्याला ऐकू येत नाहीत. इथं ते त्याला ऐकू येतात, आणि त्यांची ओढ पैशापेक्षा कमी नाही.

दोन वर्षांनी, 15 मार्च 1870ला, लंडनमध्ये त्यानं शेवटचं जाहीर वाचन केलं. 9 जूनला तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. या वाचनांनी त्याची तब्येत पोखरली, असंच त्याच्या जवळच्यांचं मत होतं.

आता परत या, पण एक सवय तिथून घेऊन या. तुमच्या गावात एखादा कादंबरीकार बोलायला येईल, तेव्हा त्याचं पुस्तक आधी वाचून जा. ब्रुकलिनच्या थंडीत उभी राहिलेली माणसं वाचून आली होती, म्हणून त्या संध्याकाळी रंगल्या.