चिपची परीक्षा आराखड्यापासूनच
दोष शोधण्याची सोय आधीच करून ठेवणारे ‘डीएफटी’ तंत्र

नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर सामावतात. त्यांतील एखादा सदोष निघाला, तरी चिप निकामी ठरू शकते. मात्र आतील दोष बाहेरून दिसत नाही आणि चिपला बाहेरच्या जोडण्या असतात फार तर काही हजार. म्हणूनच चिप घडविण्यापूर्वीच तिच्या आराखड्यात तपासणीची सोय करावी लागते. या तंत्राला ‘डिझाइन फॉर टेस्ट’ अर्थात ‘डीएफटी’ म्हणतात.

आराखडा अचूक आहे का, हा प्रश्न वेगळा. इंटेलच्या पेंटियममध्ये १९९४ साली उघडकीस आलेली भागाकाराची चूक आराखड्यातीलच होती. डीएफटीचा रोख असतो तो निर्मितीत शिरलेल्या दोषांवर. त्यासाठी प्रत्येक नग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

साखळीची युक्ती

चिपमधील माहिती क्षणभर धरून ठेवणारे फ्लिपफ्लॉप चाचणीपुरते एका साखळीत जोडले जातात. या साखळीतून शून्य-एकांची ठरावीक मालिका आत सरकवायची, चिप एक ठोका चालवायची आणि उत्तर बाहेर काढून अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे, अशी ही ‘स्कॅन’ पद्धत. आयबीएमच्या आयशेलबर्गर व विल्यम्स यांनी १९७७ मध्ये तिची शिस्तबद्ध मांडणी केली. कोणती मालिका कोणता दोष पकडेल, हे शोधणारी ‘पोडेम’ ही गणनपद्धती १९८१ मध्ये प्रभू गोयल यांनी दिली. सर्किट बोर्डावरील जोडण्या तपासणारे ‘जेटॅग’ मानक १९९० मध्ये आले.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. जादा मंडलांनी जागा व्यापली जाते आणि तपासणी यंत्रावरील प्रत्येक सेकंदाचा खर्च चिपच्या किमतीत मिळतो. त्यामुळे चाचणीची माहिती संक्षिप्त रूपात पुरविणे आणि चिपने स्वतःच स्वतःला तपासणे, या उपायांना महत्त्व आले.

नवी आव्हाने

एकावर एक रचलेल्या चिपच्या चाचणीसाठी २०१९ मध्ये ‘आयईईई १८३८’ हे मानक मंजूर झाले. कारखान्यातील चाचणीत उत्तीर्ण होऊनही काही प्रोसेसर गुपचूप चुकीची उत्तरे देतात, असे गुगल व फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये निदर्शनास आणले. त्यामुळे वापरात असतानाही चिप तपासत राहण्याची गरज अधोरेखित झाली. दुसरीकडे, तपासणीचा हाच मार्ग चोरवाटही ठरू शकतो. स्कॅन साखळीतून सांकेतिक किल्ली काढून घेता येते, हे २००४ मधील संशोधनाने दाखविले होते. तेव्हापासून तपासणीची सोय आणि सुरक्षितता यांचा मेळ घालणे हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न बनला आहे.

मुंबईतील काम

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. वीरेंद्र सिंग यांच्या प्रयोगशाळेत चिप चाचणी व विश्वासार्हतेवर संशोधन होते. याच संस्थेत विकसित झालेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केला. त्यानंतर साणंद येथील मायक्रॉनच्या प्रकल्पाला २०२३ मध्ये, तर आसाममधील जागीरोड येथील टाटा समूहाच्या प्रकल्पाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. दोन्ही प्रकल्प जुळणी व चाचणीचे आहेत.

सदोष चिपचा फटका अखेर ग्राहकाला बसतो. मुंबईत बिघडलेले उपकरण बदलून घेणे तुलनेने सोपे. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याच्या पोशेऱ्यासारख्या गावात ते तितके सोपे नाही. दोष कारखान्यातच पकडला जावा, याची तजवीज मात्र आराखड्याच्या टप्प्यावरच करावी लागते. चिप तयार झाल्यावर ती संधी उरत नाही.