कायद्याला न दिसलेली बाई
1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय 10 वरून 12 वर नेले. त्याला कडाडून विरोध करणारे लोकमान्य टिळक जन्माने रत्नागिरीचे. पण विरोधक काय नि सुधारक काय, दोघांच्या डोळ्यांपुढे होते ते नवरा आणि त्याची कोवळी बायको. 1860 च्या दंडसंहितेतही बलात्कार करणारा पुरुषच, सोसणारी स्त्रीच. विनयभंग तोही स्त्रीचाच. मुलाला नासवणारी बाई यात कुठे बसणार? ही केवळ कलमांची उणीव नव्हती. गुन्हा मोजला जाई तो घराण्याच्या अब्रूवरून, आणि मुलग्याची अब्रू जाते असे कुणी मानतच नव्हते.

त्याच रत्नागिरीत चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत असत, मनीऑर्डर गावी येई, आणि पोरे आजी-काकू-आत्याच्या हाती वाढत. 2011 च्या जनगणनेतही जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. म्हणून इथे असे गुन्हे जास्त घडले, असे म्हणायला काडीचाही आधार नाही. पण जिच्याविरुद्ध गाऱ्हाणे तिच्याच हातचे जेवायचे, तिथे पोर तोंड उघडणार कसे?

2012 च्या पोक्सोने, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, 18 वर्षांखालील मुलगा-मुलगी हा भेद काढला. घरातल्या नातलगाने केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला. तरी बाई आरोपी होऊ शकते, हे 2024 साली दिल्ली उच्च न्यायालयाला निकालात सांगावे लागले. यावर आक्षेप येतो, की अत्याचारी बहुतांश पुरुषच. बायकांचे नाव काढले की स्त्रियांचा लढा बोथट होईल. पहिले खरे आहे, दुसरे पटत नाही. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते; त्यांना आधी अत्याचार करणारा कोण ते विचारून मग विश्वास ठेवायचा काय? दुसरी भीती अशी, की अशाने न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येक हातावर संशय येईल. तसे होण्याचे कारण नाही. पोर स्वतः अंघोळ करू लागल्यावरही दार लावून न्हाऊ घालण्याचा हट्ट, ‘कुणाला सांगू नकोस’ ही ताकीद, त्या एकाच व्यक्तीपाशी निजायला अचानक नकार, यांवरून विचारपूस सुरू व्हावी, निवाडा नंतर.

विचारताना ‘मजाच केली की रे’ असे एखाद्या काकाने म्हटले, की मुलगा कायमचा मिटतो. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करता येतो, बाल कल्याण समिती आधारव्यक्ती देऊ शकते. जबाब आईवडिलांसमोर किंवा मुलाचा विश्वास असलेल्या दुसऱ्या कुणासमोर घ्यावा, असे पोक्सोचे कलम 26 सांगते. आरोप घरातल्याच बाईवर असेल, तर यातल्या ‘किंवा’कडे तपास अधिकाऱ्याने आधी पाहिले पाहिजे.