स्मूदी

स्मूदी : अख्खे फळ चोथ्यासकट दूध, दही, शहाळ्याचे पाणी किंवा नुसते पाणी घालून मिक्सरमधून काढलेले दाट, गार पेय. रस काढताना चोथा गाळणीत राहतो. स्मूदीत तो पेल्यात उतरतो. या पेयाची ओळख एवढ्या एका गोष्टीवर टिकून आहे. मिल्कशेकमध्ये दूध, साखर आणि बहुधा आइस्क्रीम मुख्य असते, फळ चवीपुरते. स्मूदीत फळ मुख्य, आणि दूध असलेच तर पाते फिरण्यापुरते. दुकानांच्या फलकांवर हा भेद पाळला जातोच असे नाही. साखरेचा पाक आणि आइस्क्रीमचे दोन गोळे घातलेला पेलाही स्मूदी म्हणून विकला जातो. त्याला मिल्कशेक म्हणणेच बरोबर.

मराठी घरांना नाव नवे असले तरी वस्तू फारशी परकी नाही. दुधात केळे कुस्करून केलेली शिकरण ही स्मूदीची सर्वांत जवळची नातेवाईक. फरक साखरेचा आणि चमच्यात येणाऱ्या फोडींचा. पुण्याची मस्तानी मात्र आइस्क्रीमच्या गोळ्यामुळे उघडउघड मिल्कशेकच्या घराण्यातली. मिक्सरमधून काढलेला आमरस व्याख्येने स्मूदीत बसेल, पण पुरीबरोबर वाटीतून खायच्या पदार्थाला कोणी पेय म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

इतिहास : स्मूदीचा इतिहास हा बराचसा यंत्राचा इतिहास आहे. फळाचा चोथा जिभेला लागणार नाही इतका बारीक करणे हाताचे काम नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावच्या स्टीफन पोप्लाव्स्की याने भांड्याच्या तळाशी फिरते पाते असलेल्या यंत्राचे पेटंट १९२०च्या दशकात मिळवले. हे गाव हॉर्लिक्सचे. भारतीय घरांत पुढे बाटलीतून पोहोचलेल्या त्या माल्टेड दुधाचा कारखाना तिथेच होता, आणि पोप्लाव्स्कीचे यंत्र सोडा फाउंटनवर माल्टेड दूध घुसळण्यासाठीच होते. फळांचा विचार नंतरचा. फ्रेड ओसियस या संशोधकाने यंत्रात सुधारणा केल्या आणि त्याला पैसा पुरवला फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या प्रमुखाने. १९३७ साली शिकागोच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले. सुरुवातीला त्याचे गिऱ्हाईक बार आणि हॉटेले होती; घराघरांत ते हळूहळू पोहोचले. फ्रीझर असलेला फ्रिज घरोघरी आला, तेव्हा गोठवलेले फळ आणि बर्फ हाताशी आले आणि आजची दाट स्मूदी शक्य झाली.

या पेयाला धंद्याचे रूप दिले ते अमेरिकेतील नैसर्गिक आहाराच्या दुकानांनी, १९६०–७०च्या दशकांत. दूध न सोसणारा स्टीव्ह कुनाउ हा तरुण स्वतःसाठी फळे आणि बर्फ घोटून पेये करीत असे. १९७३ साली लुइझियाना राज्यात त्याने सुरू केलेल्या व्यवसायातून ‘स्मूदी किंग’ ही दुकानांची साखळी वाढली. कॅलिफोर्नियातील ‘जांबा ज्यूस’ १९९०चे.

भारतातील यंत्राची गोष्ट निराळी आहे आणि ती घरच्या स्मूदीशी थेट जोडलेली आहे. सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन मिक्सर बंद पडला. त्यातून १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सरच्या कंपनीचा पाया घातला गेला. इथल्या यंत्राला ओले खोबरे, भिजलेली डाळ, कोरडा मसाला वाटायचा होता. त्यामुळे आपला मिक्सर पेय घुसळण्यापेक्षा वाटण वाटण्यासाठी घडला. परदेशी पाककृतीत ‘सगळे एकदम घाला आणि फिरवा’ असे म्हटलेले असते. ते पाळले की आपल्या मिक्सरचे पाते मधे पोकळी करून नुसतेच गरगरते आणि केळ्याचे तुकडे वर जसेच्या तसे बसून राहतात.

कृती : चटणीचे छोटे भांडे घेऊ नये, पातळ पदार्थांसाठीचे मोठे भांडे घ्यावे. त्या भांड्याला लसणाचा वास नसतो, हा आणखी एक फायदा. एका माणसासाठी एक पिकलेले केळे किंवा तेवढाच आंब्याचा वा चिकूचा गर, कपभर दुसरे कोणतेही चिरलेले फळ, अर्धा ते पाऊण कप पातळ पदार्थ आणि हवा असल्यास दोन चमचे चक्का. परदेशी कृतींत ग्रीक योगर्ट लिहिलेले असते, त्या जागी घरच्या दह्याचा चक्का बिनदिक्कत चालतो.

क्रमाला महत्त्व आहे. आधी पातळ पदार्थ, मग मऊ फळ, त्यावर दही किंवा भिजवलेला खजूर, सर्वांत वर गोठलेले तुकडे. आधी थांबून-थांबून दोन-चार झटके द्यावेत, नंतर सलग अर्धा ते एक मिनिट फिरवावे. मिश्रण अडले तर यंत्र बंद करून चमच्याने खाली सारावे आणि दोन चमचे पाणी घालावे. वेग वाढवून अडचण सुटत नाही, मोटर मात्र तापते. मिक्सर मधेच गप्प झाला तर बहुतेक यंत्रांच्या बुडाशी असलेले लाल बटण उडालेले असते. दहा-पंधरा मिनिटांनी ते दाबले की यंत्र चालू होते.

दाटपणा बर्फाने आणू नये. बर्फ वितळला की पेय पाणचट होते, आणि मोठे खडे घरगुती पात्याची धार घालवतात. त्यापेक्षा फळच गोठवावे. सालीवर काळे ठिपके आलेले, कोणी खायला तयार नसलेले केळे यासाठी उत्तम, कारण पिकताना त्यातल्या पिठूळ अंशाची साखर झालेली असते. चकत्या करून त्या ताटलीत सुट्या-सुट्या गोठवाव्यात आणि मग डब्यात भराव्यात. एकदम डब्यात भरल्या तर त्यांची वीट होते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात स्वस्त असताना अशीच साठवता येते. डहाणूजवळच्या घोलवडचा चिकू जात्याच इतका गोड, की त्याच्या स्मूदीत खजूरही नको. सीताफळाची चव अप्रतिम, पण बिया काढण्याचा सोस असेल तरच त्याच्या वाटेला जावे. एकही बी भांड्यात जाता कामा नये, कारण ती विषारी असते.

अननस, पपई आणि किवी यांचे दुधाशी जमत नाही. या फळांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती दुधातील प्रथिनांवर काम करतात आणि थोड्या वेळात पेय कडवट लागू लागते. गोठवल्याने ही विकरे नष्ट होत नाहीत, शिजवल्याने होतात. म्हणून तापवून डबाबंद केलेला अननस दुधात चालतो, ताजा चालत नाही. ताज्याला शहाळ्याचे पाणी बरे. आंबट फळे आणि दूध एकत्र घेणे चरकसंहितेने विरुद्ध आहारात घातले आहे. ज्या घरांत हा नेम पाळतात तिथेही पाण्यावरची स्मूदी सहज होते.

वरून घालायच्या जिन्नसांचे बाजारात फार स्तोम आहे. सब्जा भिजवून घालावा, जवस भाजून आणि दळून. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते. भिजवलेले शेंगदाणे किंवा चमचाभर नाचणीचे सत्त्व शिजवून घातले की न्याहारी भरभक्कम होते. प्रथिनांची महागडी पूड यासाठी लागतेच असे नाही.

आहारमूल्य : चोथा पोटात जातो म्हणून स्मूदी रसापेक्षा सरस, हे खरे, अख्ख्या फळाइतकी ती नव्हे, हेही खरे. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात लोकांना सफरचंद तीन रूपांत दिले होते : अख्खे, लगदा आणि रस. सर्वांत जास्त पोट भरले अख्ख्याने, मग लगद्याने, सर्वांत कमी रसाने. रक्तशर्करेबाबत चित्र इतके सरळ नाही. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या प्रयोगांत बियांची फळे घोटून दिल्यावर साखर अख्ख्या फळांपेक्षा अधिक चढली नाही. तरीही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला सावध आहे : रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त नको. आपल्याकडचा नेहमीचा पेला याहून बराच मोठा असतो. स्मूदी न्याहारीऐवजी घ्यावी, पोह्यांची बशी संपवून वर नव्हे.

केळ्याविषयी एक बारकावा. चिरलेले केळे काळे पाडणारे विकर बेरी आणि कोको यांतील फ्लॅव्हॅनॉल ही उपयुक्त द्रव्येही निकामी करते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासात, केळे घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरात या द्रव्यांचे प्रमाण, तीच द्रव्ये कॅप्सूलमधून घेतल्यावर आढळले त्यापेक्षा ८४ टक्के कमी आढळले. यासाठी केळे वर्ज्य करण्याचे कारण नाही. स्ट्रॉबेरीचे फ्लॅव्हॅनॉल हवे असतील त्या दिवशी केळ्याऐवजी आंबा किंवा दही घालावे, एवढेच.

कच्च्या पालकाच्या हिरव्या स्मूदीचे वेड अलीकडचे. पालकात ऑक्झलेट भरपूर असते आणि पेल्यात पालक किती मावतो याचा अंदाज येत नाही. भाजी म्हणून जेवढा खाल्ला नसता तेवढा एका घोटात जातो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज असे पिऊ नये.

स्मूदी केल्याबरोबर प्यावी. फ्रिजमध्ये ठेवायचीच तर गच्च झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी संपवावी. तासाभरात तिचे थर सुटतात, ते हलवले की पुन्हा मिसळतात. भांडे मात्र लगेच विसळावे. त्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून मिक्सर क्षणभर फिरवला की काम होते. पात्याखाली वाळलेला चोथा नंतर घासूनही निघत नाही.