काथ्याचा दोर आणि कोकणचा खलाशी

कोकणच्या दर्याचा इतिहास म्हटला की जंजिरा, तोफा आणि आरमारी लढाया डोळ्यांसमोर येतात. ज्या दोरावर गलबत बंदरात टिकून राहायचे, तो दोर सांधणारा खलाशी मात्र या इतिहासात क्वचितच भेटतो.

दोराची नोंद आधीच्यांनी घेतली होती. अल-बिरुनीने 11व्या शतकात मालदीवकडच्या काही बेटांना 'दीव कनबार' म्हटले आहे. कनबार म्हणजे काथ्याचा दोर. 1343-44 मध्ये मालदीवात काझी असलेला इब्न बतूता सांगतो की नारळाची सोडणे किनाऱ्यालगतच्या खड्ड्यांत भिजवून कुटली जात, मग बायका सूत काढत आणि त्याचा दोर हिंद, चीन व येमेनला जाई. या दोराने शिवलेले जहाज खडकावर आपटले तरी ताण सोसते, खिळ्यांचे फुटते, असे त्याचे म्हणणे. नांगराच्या दोरालाही हाच गुण लागतो. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि लाटेच्या हिसक्याला ताणला जातो.

पण दोर झिजतो, तुटतो. तिथे गाठ मारणे धोक्याचे. गाठीत दोर एकदम वळतो, त्याचे बळ निम्म्यावर येऊ शकते आणि ती कप्पीतही अडकते. म्हणून खलाशी दोन्ही टोकांचे तीन-तीन पदर उसवून समोरासमोर बसवतो. मग टोकदार खुंटीने पीळ उघडून प्रत्येक पदर समोरच्या एका पदरावरून आणि पुढच्याखालून ओवतो. असे निदान तीनदा. ताण पडला की सांधा अधिकच आवळतो. नांगरासाठी टोक मागे वळवून त्याच रीतीने फासा करतात.

हे हात पुढे इंग्रजी आगबोटींवर गेले. पी. अँड ओ. कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि त्यांचे सारंग असत. खलाशांना हुकूम देता यावेत म्हणून कॅप्टन थॉमस रोबकने 1811 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला. सुकाणू अरबी, नाखवा फारसी, आरमार पोर्तुगीज. खलाशाची बोली अशी बंदरोबंदरीची होती. ती शिकण्याची गरज साहेबाला होती, बरोबरीचा मान देण्याची नव्हती. 1823 च्या कायद्याने आशियाई खलाशी, ब्रिटिश मुलखात जन्मलेला असला तरी, ब्रिटिश नाविक मानायचा नाही असे ठरवले. पगार गोऱ्या खलाशाच्या एका हिश्श्याइतकाच राहिला.

आज मच्छीमार बंदरांत काथ्याची जागा नायलॉनने घेतली आहे. सांधा तोच; दोर गुळगुळीत, म्हणून पदर तीनऐवजी पाच वेळा ओवावे लागतात.