परकीय दहशतवादी संघटना आणि स्वदेशी नागरिक : लिंड व हमदी प्रकरणांचा ऐतिहासिक विचार

आपलाच नागरिक परदेशी जाऊन शत्रूच्या गोटात सामील झाला, तर राज्यसंस्थेने त्याला न्यायालयापुढे उभे करावे की युद्धकैद्याप्रमाणे डांबून ठेवावे, हा प्रश्न २००१ नंतर अनेक लोकशाही राष्ट्रांपुढे उभा राहिला. प्रस्तुत लेखात अफगाणिस्तानातील एकाच किल्ल्यात सापडलेल्या दोन अमेरिकी नागरिकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दोघांची परिस्थिती जवळजवळ सारखी होती. दोघांना मिळालेला न्याय मात्र सर्वस्वी भिन्न होता.

नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस कुंदुझ येथे शरण आलेल्या तालिबानी सैनिकांना मझार-ए-शरीफजवळील काला-इ-जंगी या जुन्या किल्ल्यात आणण्यात आले. तेथे २५ नोव्हेंबर रोजी कैद्यांनी उठाव केला व त्यात माइक स्पॅन हा अमेरिकी गुप्तचर अधिकारी मारला गेला. तळघरात पाणी सोडल्यानंतर जे थोडे कैदी जिवंत बाहेर आले, त्यांत कॅलिफोर्नियात वाढलेला, वयाच्या सोळाव्या वर्षी इस्लाम स्वीकारलेला वीस वर्षांचा जॉन वॉकर लिंड होता. लुइझियाना राज्यात जन्मलेला व सौदी अरेबियात वाढलेला यासर हमदी हाही याच किल्ल्यातील कैदी. लिंडचे नागरिकत्व पहिल्याच दिवसांत उघड झाले. हमदी अमेरिकी असल्याचे मात्र ग्वांतानामो येथे गेल्यावर लक्षात आले आणि एप्रिल २००२ मध्ये त्याला व्हर्जिनियातील नाविक तुरुंगात हलविण्यात आले.

लिंडवर देशद्रोहाचा आरोप ठेवावा, अशी मागणी त्या वेळी जोरात होती. परंतु अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने या गुन्ह्यासाठी असाधारण कठोर पुरावा सांगितला आहे : एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार, किंवा खुल्या न्यायालयात दिलेली कबुली. इंग्लंडच्या राजांनी देशद्रोहाच्या कायद्याचा विरोधकांविरुद्ध केलेला वापर घटनाकारांना चांगला ठाऊक होता. ही अट त्या अनुभवातून आलेली आहे. अफगाणिस्तानच्या रणभूमीवरून असे दोन साक्षीदार आणावयाचे कोठून ? सरकारजवळ होती ती तपास अधिकाऱ्यांनी डिसेंबर २००१ मध्ये लष्करी तळावर घेतलेली कबुली, आणि ती खुल्या न्यायालयातील नव्हती. म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये जे दहा आरोप ठेवण्यात आले, त्यांत देशद्रोह नव्हता. अमेरिकी नागरिकांना ठार मारण्याचा कट आणि दहशतवादी संघटनांना साहाय्य हे मुख्य आरोप होते.

त्या कबुलीचीही कथा सरळ नाही. लिंडच्या मांडीत गोळी होती. डोळ्यांवर पट्टी बांधून, विवस्त्र अवस्थेत त्याला स्ट्रेचरला जखडलेले दाखविणारे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. त्याच्या आईवडिलांनी वकील नेमला होता. परंतु चौकशीच्या वेळी ही गोष्ट त्याला सांगण्यात आली नाही, असे बचावपक्षाचे म्हणणे होते. अशी कबुली ग्राह्य धरावी काय, याची सुनावणी १५ जुलै २००२ रोजी अलेक्झांड्रिया येथे न्यायाधीश एलिस यांच्यापुढे सुरू व्हावयाची होती. नेमक्या त्याच दिवशी उभय पक्षांत तडजोड झाल्याचे जाहीर करण्यात आले. छळाची तक्रार लिंडने मागे घेतली व दोन गुन्हे मान्य केले. त्यांपैकी एक स्फोटक बाळगण्याचा आणि दुसरा तालिबानला सेवा पुरविण्याचा. हा दुसरा गुन्हा मुळात आर्थिक निर्बंधांच्या कायद्याखालचा ! १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी तालिबानवर घातलेल्या निर्बंधांचा भंग, एवढेच त्याचे कायदेशीर स्वरूप. दहशतवादी संघटनेत सामील होण्याचा आरोप अखेर सिद्धही झाला नाही आणि फेटाळलाही गेला नाही. ४ ऑक्टोबर २००२ रोजी लिंडला वीस वर्षांची शिक्षा झाली; मे २०१९ मध्ये त्याची मुदतीपूर्वी सुटका झाली.

हमदीवर तर कोणताच आरोप ठेवण्यात आला नाही. 'शत्रूपक्षाचा लढवय्या' हे बिरुद लावून त्याला बराच काळ वकिलाविना कोठडीत ठेवण्यात आले. २८ जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशा नागरिकास कारणे कळविली पाहिजेत आणि निःपक्ष अधिकाऱ्यापुढे ती खोडून काढण्याची संधी दिली पाहिजे. न्यायमूर्ती स्कालिया यांचे भिन्न मत मला अधिक मूलगामी वाटते. एरवी सनातनी मानले जाणारे हे न्यायमूर्ती म्हणाले, की नागरिकावर रीतसर खटला भरा, नाहीतर संसदेने बंदिप्रत्यक्षीकरणाचा अधिकार उघडपणे स्थगित करावा; तिसरा मार्ग नाही. निर्णयानंतरही सरकारने खटला भरला नाहीच. ऑक्टोबर २००४ मध्ये हमदीने नागरिकत्वाचा त्याग केला व त्याला सौदी अरेबियात पाठविण्यात आले. ज्याच्यावर खटला झाला तो सतरा वर्षे तुरुंगात राहिला आणि ज्याच्यावर झाला नाही तो तीन वर्षांच्या आत सुटला, ही विसंगती लक्षणीय आहे.

पुराव्याची हीच अडचण भारतात वेगळ्या रूपाने दिसते. आपल्याकडे पोलिसांपुढील कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने त्याज्य ठरविली होती. टाडा व पोटा या कायद्यांनी तिला अपवाद केला. पोटा रद्द झाल्यावर २००४ मध्ये बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने तो अपवाद उचलला नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले. त्यांतील एक नोव्हेंबरमध्ये परतला व राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. भारत सरकारशी सलोखा असलेल्या आशियाई सत्तेविरुद्ध युद्ध करण्याचे, दंडसंहितेतील जवळजवळ विस्मृतीत गेलेले कलम १२५ तेव्हा पुढे आले. सहा वर्षे उलटूनही साक्षीपुरावे संपेनात, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, पुराव्याच्या गुणदोषांवर नव्हे तर विलंबाच्या कारणावरून, त्याचा जामीन कायम केला. कोची येथील विशेष न्यायालयाने मात्र इराकला जाऊन आलेल्या एका आरोपीस सप्टेंबर २०२० मध्ये याच कलमाखाली दोषी धरून जन्मठेप सुनावली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १५३ झाले असून 'आशियाई सत्ता' या १८६० च्या शब्दांऐवजी तेथे आता 'परकीय राज्य' असा उल्लेख आहे.